चुनखडीचा ताळेबंद

(रसायनशास्त्राच्या एका शिक्षकांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत बरगी येथे दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांनी उभी हयात रसायनशास्त्र शिकवण्यात घालवली. म्हणून मी विषय निवडला तो त्यांच्या वर्गातलाच : रासायनिक अभिक्रियांचे प्रकार. दहावीच्या पुस्तकात तो येतो. महाराष्ट्रातली मुले संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन अशी नावे घोकतात. इथली, जबलपूरकडची मुले हिंदीतून संयोजन, वियोजन म्हणतात. घोकंपट्टी दोन्हीकडे सारखीच. परीक्षेत समीकरण येते, समोर नाव लिहायचे, एक गुण पदरात पडतो आणि विषय संपतो.

तो तिथे संपू नये, असे मला मनापासून वाटते. अभिक्रियेचा प्रकार म्हणजे पदार्थाला विचारलेला प्रश्न असतो. कोण एकत्र आले? कोण सुटून गेले? कोणी कोणाची जागा घेतली? इलेक्ट्रॉन कोणाकडून कोणाकडे गेले? उष्णता आत गेली की बाहेर आली? आणि या प्रश्नांची उत्तरे खरी आहेत की नाहीत, याचा निवाडा करतो तराजू. दोन्ही बाजूंचा ताळा जमला पाहिजे. जमला नाही, तर काहीतरी आपल्या नजरेतून निसटले आहे, हे निश्चित. आज एवढे एकच म्हणणे मला आपल्यापुढे मांडायचे आहे आणि त्यासाठी मी एकच दगड निवडला आहे : चुनखडी.

हा दगड निवडायला आपल्या परिसराइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. बरगीहून नर्मदा जबलपूरला वळसा घालून भेडाघाटला जाते, तिथले पांढरेशुभ्र कडे म्हणजे डोलोमाइटी संगमरवर, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे कार्बोनेट. लमेटाघाटाच्या नावाने भूशास्त्रात ओळखले जाणारे लमेटा थर आहेत, त्यांतही चुनखडी आहे. याच थरांत, जबलपूरजवळच्या बडा सिमला टेकडीपाशी, कॅप्टन स्लीमनला १८२८ साली डायनोसॉरची हाडे सापडली. पुढे या थरांतून त्यांची अंडीही मिळाली. त्या अंड्यांचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे आणि आज सकाळी आपल्या घरी फुटलेल्या कोंबडीच्या अंड्याचे कवचही त्याचेच. आणि उत्तरेला कटनी. कटनीचा चुना इथल्या कुणाला सांगायला नको. देशातल्या अगदी सुरुवातीच्या सिमेंट कारखान्यांपैकी एक कटनीत उभा राहिला, तोही या दगडाच्या जोरावरच.

आता भट्टीपाशी जाऊ. चुन्याच्या उभ्या भट्टीत दगडाचा एक थर, कोळशाचा एक थर, असे वरून भरत जातात आणि भाजलेला माल खालून काढतात. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला कॅल्शियम कार्बोनेट फुटते. मागे राहतो कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना. कार्बन डायऑक्साइड धुराबरोबर निघून जातो. पुस्तक याला अपघटन म्हणते, आणि ते बरोबर आहे. पण तराजू लावा. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडी भाजली तर कळीचा चुना मिळतो ५६ ग्रॅम. उरलेले ४४ ग्रॅम हवेत गेले. बाहेर आलेला खडा आकाराने जवळजवळ तेवढाच दिसतो, पण हातात घेतला की हलका लागतो. अपघटनाचा अर्थ त्या हलकेपणात आहे.

हा हलकेपणा लोकांना हजारो वर्षे ठाऊक होता. त्याचा हिशेब मात्र कुणी मांडला नव्हता. चुनखडी सौम्य, हातात धरा, काही होत नाही; कळीचा चुना दाहक, कातडी भाजते. मग लोकांचा समज असा होता, की भट्टीतल्या अग्नीचा काही अंश दगडात शिरतो आणि म्हणून चुना दाहक होतो. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने १७५४च्या आपल्या प्रबंधात आणि १७५६ साली छापलेल्या प्रयोगांत हा समज तराजूने मोडून काढला. दगडात काही शिरत नाही, उलट त्यातून एक वायू निघून जातो. आणि तो वायू चुन्याला परत दिला की सौम्य चुनखडी पुन्हा मिळते, जवळजवळ पहिल्याच वजनाची. त्या वायूला त्याने ‘बद्ध हवा’ म्हटले. तोच आपण श्वासातून सोडतो, हेही त्याने चुन्याच्या निवळीने दाखवले : निवळीत फुंकर घातली की ती दुधासारखी पांढरी होते. आपल्या शाळांतला तो साधा प्रयोग रसायनशास्त्राच्या एका मोठ्या वळणावरचा आहे. हवा ही एकच एक वस्तू नसून वायू अनेक आहेत, ते दगडात बांधले जाऊ शकतात आणि त्यांनाही वजन आहे, एवढे सगळे एका पांढऱ्या खड्याने शिकवले.

पुढचा टप्पा चुना विरवण्याचा. ज्यांनी जुनी बांधकामे पाहिली आहेत त्यांना हे दृश्य आठवत असेल. खड्ड्यात कळीच्या चुन्याचे खडे टाकायचे आणि वरून पाणी सोडायचे. क्षणभर काहीच होत नाही. मग खडा चरचरतो, त्याला तडे जातात, वाफ उसळते, खडा फुगून फुटतो आणि बघता बघता त्याचे भुकटीसारखे पीठ होते. पाणी उकळू लागते, म्हणून जाणते गवंडी मुलांना जवळ फिरकू देत नसत. ५६ ग्रॅम चुन्याने १८ ग्रॅम पाणी घेतले आणि ७४ ग्रॅम विरलेला चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तयार झाला. हा संयोग. भट्टीत उष्णता आत गेली होती, इथे बाहेर येते. एक उष्माग्राही, दुसरी उष्मादायी.

मग हा चुना वाळूबरोबर घाणीत मळायचा. गोल चर, त्यात फिरणारे दगडी चाक, जुंपलेला बैल. गूळ, बेलफळाचे पाणी, उडदाचे पाणी असे काही त्यात घालण्याची रीत होती. हा चुना चिऱ्यांच्या सांध्यांत भरला की काही दिवसांत आवळतो. पण त्याचे खरे घट्ट होणे वर्षानुवर्षे चालते. हवेतला कार्बन डायऑक्साइड तो हळूहळू घेत राहतो, पाणी सोडतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. याच नर्मदेवर खाली महेश्वरला अहिल्याबाई होळकरांच्या काळचे घाट आहेत. त्या काळच्या दगडी बांधकामात सांधे धरून ठेवण्याचे काम चुनाच करी. म्हणजे डोंगरातून दगड काढला, त्याचा चुना केला आणि भिंतीत त्याचा पुन्हा दगड झाला.

आता ताळा करून पाहू. ७४ ग्रॅम विरलेला चुना आणि ४४ ग्रॅम वायू, मिळून ११८. तयार झाली १०० ग्रॅम चुनखडी आणि सुटले १८ ग्रॅम पाणी, मिळून ११८. भट्टीतून गेलेले ४४ परत आले, खड्ड्यात घातलेले १८ परत गेले आणि आपण जिथून निघालो त्या १०० ग्रॅमवर येऊन पोहोचलो. उष्णतेचा हिशेबही असाच मिटतो. १०० ग्रॅम चुनखडी फोडायला सुमारे १७८ किलोज्यूल लागतात. एक लिटर पाणी ४२ अंशांनी तापवायला लागते तेवढी ही उष्णता. चुना विरवताना त्यातले ६५ किलोज्यूल बाहेर येतात. भिंतीत दगड होताना, वर्षे लावून, कुणाच्या लक्षातही न येता, ११३. पासष्ट आणि एकशे तेरा, एकशे अठ्ठ्याहत्तर. भट्टीत जळलेल्या कोळशाची दगडात साठलेली उष्णता खड्डा आणि भिंत मिळून पै-पैने परत करतात. माझ्या मते विज्ञानाच्या पुस्तकात यापेक्षा सुंदर बेरीज दुसरी नाही.

विद्यार्थी मित्रहो, इथे एक प्रश्न विचारा. भिंतीतल्या या शेवटच्या अभिक्रियेचा प्रकार कोणता? दोन पदार्थ एकत्र आले, पण तयार एक झाला नाही, दोन झाले. म्हणून संयोग नव्हे. कुणी फुटले नाही, म्हणून अपघटन नव्हे. दुहेरी विस्थापनाच्या साच्यातही ती सरळ बसत नाही. ती खरे तर आम्ल आणि आम्लारी यांची भेट आहे : कार्बन डायऑक्साइड हे आम्लधर्मी ऑक्साइड, चुना आम्लारी, त्यांच्या उदासिनीकरणातून क्षार आणि पाणी मिळते. चार नावे पाठ केलेला विद्यार्थी इथे अडतो. प्रश्न विचारायला शिकलेला विद्यार्थी अडत नाही. तो पाचवा प्रश्न विचारतो आणि पुढे जातो.

आणखी एक गोष्ट या प्रवासात ध्यानात येते. दगड, कळीचा चुना, विरलेला चुना, पुन्हा दगड, या सगळ्या फेऱ्यात कॅल्शियमने एकही इलेक्ट्रॉन दिला नाही की घेतला नाही. फेरा पूर्ण झाला, पण ऑक्सिडीकरण झाले नाही, क्षपणही नाही. दगडाखाली जळणाऱ्या कोळशात मात्र सगळा व्यवहार इलेक्ट्रॉनांचाच. म्हणजे एकाच भट्टीत, एकाच वेळी, अभिक्रियांची दोन वेगवेगळी कुळे शेजारी शेजारी नांदतात. मांडणी कशी बदलली, हा एक प्रश्न. इलेक्ट्रॉन कुठे गेले, हा दुसरा. पुस्तकात हे सगळे प्रकार एका यादीत एकाखाली एक छापलेले असतात, त्यामुळे मुलांना वाटते की एक नाव लावले की दुसरे लागत नाही. तसे नाही. मॅग्नेशियमची फीत जळते तो संयोग आहे, ऑक्सिडीकरण आहे आणि उष्मादायी अभिक्रियाही आहे. तिन्ही उत्तरे एकाच वेळी खरी.

आता या धरणाकडे येतो. बरगीचे धरण, राणी अवंतीबाई सागर, उंचीला सुमारे ६९ मीटर, लांबीला सुमारे ५.४ किलोमीटर. मधला भाग दगड-सिमेंटच्या बांधकामाचा, बाजूंचा मातीच्या भरावाचा. २१ दरवाजे आणि पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४२२.७६ मीटर. चुन्याची भिंत घट्ट व्हायला हवा लागते. पाण्याखालच्या भिंतीला ती कुठून मिळणार? इथे सिमेंट कामाला येते. चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंशांना भाजली की चुनखडी आधी फुटते आणि मोकळा झालेला कॅल्शियम ऑक्साइड मातीतल्या सिलिकेशी संयोग पावून कॅल्शियम सिलिकेट होतो. त्याची भुकटी पाण्याशी अभिक्रिया करून आवळते. हवेतल्या वायूची वाट पाहत नाही. म्हणून सिमेंट पाण्याखालीही घट्ट होते. पण ही अभिक्रिया उष्मादायी आहे. घराच्या स्लॅबमधली उष्णता सहज निघून जाते. धरणाच्या जाड भिंतीत ती अडकते, पोट तापते, पाठ थंड राहते आणि भिंत तडकण्याची भीती असते. म्हणून मोठ्या धरणांत काँक्रीट टप्प्याटप्प्याने ओततात आणि हळू उष्णता सोडणारे सिमेंट वापरतात. परीक्षेत ‘उष्मादायी’ एवढे लिहून एक गुण मिळतो. धरण बांधणाऱ्याला तोच शब्द वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो.

पण ताळा अजून पुरा झालेला नाही. चुन्याच्या भिंतीने ४४ ग्रॅम परत घेतले होते. सिमेंटच्या बाबतीत तसे होत नाही. काँक्रीट हवेतला वायू शोषते, पण फार सावकाश आणि बाहेरून आत. जगात माणसामुळे होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक वायू इंधनातून येत नाही, तो खुद्द दगडातून सुटतो. उद्या सगळ्या भट्ट्या सूर्याच्या उष्णतेवर चालवल्या तरी समीकरणाच्या उजव्या बाजूचे ते ४४ तसेच राहतील. आज जगभरचे रसायनशास्त्रज्ञ या ४४ पायी झटत आहेत. त्यांचा प्रश्न दहावीच्या पुस्तकातल्या अपघटनाच्या एका उदाहरणात आहे.

जलाशयातही अभिक्रिया चालू आहेतच. पाणी चढते तेव्हा झाडोरा, पालापाचोळा, शेतातले धसकट पाण्याखाली जाते. वर हवा असेल तिथे ते कुजून कार्बन डायऑक्साइड होते. तळाशी ऑक्सिजन संपला की सूक्ष्मजीव वेगळी वाट धरतात आणि मिथेन तयार होतो. त्यात कार्बनच्या एका भागाचे ऑक्सिडीकरण होते आणि दुसऱ्याचे क्षपण. दरवाजांच्या लोखंडावर पाणी आणि ऑक्सिजन मिळून गंज चढवायला टपलेले असतात, म्हणून रंगाचे हात द्यावे लागतात. या धरणाने वीज दिली, पाणी दिले. त्याच पाण्याने मंडला, सिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतली १६२ गावे कमी-अधिक बाधित झाली. घरे उठली, शिवार बुडाले. काय मिळाले ते मोजताना काय गेले तेही त्याच पानावर लिहिले पाहिजे, हा धडा मी रसायनशास्त्राकडून शिकलो आणि तो रसायनशास्त्रापुरता ठेवावा असे मला वाटत नाही.

आता दक्षिणेकडे, नागपूरकडे जाऊ. तिथल्या संत्र्याच्या बागेत उरलेले दोन प्रकार एकाच बादलीत भेटतात. संत्र्याच्या खोडावर डिंक्या रोग आला की बोर्डो लावतात. फ्रान्समधल्या बोर्दो परिसरात मिलार्देने द्राक्षवेलींसाठी १८८५च्या सुमारास रूढ केलेले हे मिश्रण आपल्याकडे संत्र्यापासून कोकणातल्या सुपारीपर्यंत पोहोचले आहे. एक टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचूद ५० लिटरमध्ये वेगळे विरघळवायचे, चुना ५० लिटरमध्ये वेगळा कालवायचा आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतायचे. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची. निळे द्रावण आणि चुन्याचे पांढरे पाणी एकत्र आले की आकाशी रंगाचा फुलोऱ्यासारखा अवक्षेप दाटतो. साध्या समीकरणात कॅल्शियम आणि तांब्याने जोडीदार बदलले : कॉपर हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम सल्फेट. हे दुहेरी विस्थापन.

पण बागाईतदार एवढ्यावर फवारणी करत नाही. तो लोखंडाची स्वच्छ सळई किंवा विळ्याचे पाते मिश्रणात बुडवतो आणि थोड्या वेळाने बाहेर काढून उजेडात धरतो. पात्यावर तांबूस थर दिसला तर मिश्रणात अजून मोकळे तांबे आहे, पाने करपतील. आणखी चुना घाला. थर नाही, तर मिश्रण तयार. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील. ते द्रावणात उतरते आणि तांबे पात्यावर बसते. हे विस्थापन आणि त्याच वेळी इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाणही. एका प्रकारची अभिक्रिया पुरी झाली की नाही, ते दुसऱ्या प्रकारच्या अभिक्रियेने तपासायचे! शाळेची पायरी न चढलेला शेतकरीही हे करतो आणि त्याचे कारण नेमके सांगतो.

इथेही तराजू एक प्रश्न विचारतो. हिशेबाने १ किलो मोरचुदाला शुद्ध विरलेला चुना सुमारे ३०० ग्रॅम पुरतो. मग किलोभर का घालतात? एक तर बाजारातला चुना शुद्ध नसतो. दुसरे, पोते उघडे राहिले की चुना हवेतला वायू घेऊन पुन्हा चुनखडी होत जातो आणि ती चुनखडी या कामात चुन्याची जागा घेत नाही. महेश्वरच्या घाटाला ज्या अभिक्रियेने बळ दिले, तीच बागाईतदाराच्या कोठीत त्याचा माल निकामी करते. तिसरे, मिश्रण आम्लधर्मी राहून चालत नाही, म्हणून हात जरा सढळ ठेवतात. शिफारस पाठ करणाऱ्याला किलोभर एवढेच कळते. हिशेब जाणणारा ताजा चुना आणतो, पात्याने तपासतो आणि गरजेपुरता घालतो.

शेवटी शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. एक प्रयोग करा, त्याला प्रयोगशाळा लागत नाही. अंड्याचे कवच धुऊन, वाळवून, बारीक कुटा. २ ग्रॅम घ्या. बाटलीत साधारण ६० मिलिलिटर व्हिनेगर घाला. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा पुरे. कवच, बाटली, व्हिनेगर यांचे एकत्र वजन घ्या, मग कवच आत टाका आणि फसफस थांबेपर्यंत थांबा. कागदावर ०.८८ ग्रॅम घट यायला हवी. प्रत्यक्षात कमी येईल, कारण कवच पूर्ण शुद्ध नसते आणि काही वायू द्रवात विरघळून राहतो. मुलांना हा फरक लपवू देऊ नका, आणि ‘पुस्तकातले उत्तर लिहा’ असेही सांगू नका. तो फरक कुठे गेला, ते शोधायला लावा.

मग हाच प्रयोग बाटलीच्या तोंडाला फुगा लावून करा. वायू आता बाहेर जात नाही. मुले म्हणतील, वजन तेवढेच राहणार. काटा तरीही सुमारे अर्ध्या ग्रॅमने खाली येईल. वर्गात गोंधळ उडेल. तो उडू द्या. फुगलेला फुगा जवळजवळ अर्धा लिटर हवा बाजूला सारतो आणि तेवढी हवा त्याला वर उचलून धरते. वस्तुमान गेलेले नाही; आपण हवेला हिशेबात धरले नव्हते. ब्लॅकच्या आधी बहुतेकांनी हेच केले होते, हवेला हिशेबातून वगळले होते. दहावीतल्या मुलाला तो शोध स्वतःच्या हाताने लागू शकतो आणि एकदा लागला की तो आयुष्यात कुठलाही हिशेब अर्धवट सोडणार नाही.

ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या शिष्यांपैकी अनेकजण आज इथे शिक्षक म्हणून बसले आहेत. माझी त्यांच्यापाशी मागणी एवढीच आहे : येत्या वर्षी अभिक्रियांचे प्रकार शिकवताना फळ्यावर नावे लिहिण्याआधी टेबलावर तराजू ठेवा. नावे मुले आपोआप शिकतील. ताळा करण्याची सवय मात्र कुणीतरी लावावी लागते आणि ती लावण्याचे वय दहावीचेच आहे.